मनातले विचारणारा डॉक्टर



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरांच्या परीक्षेवर मी बोलणार म्हटल्यावर आमच्या घरात हशाच पिकला. पण माझी भाची इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरची उमेदवारी करते आहे. तिच्याकडून ऐकले तेच सांगते.

तिकडे पदवी आणि त्यापुढची दोन वर्षांची उमेदवारी झाली, तरी फॅमिली डॉक्टर होण्यासाठी आणखी ३ वर्षे शिकावे लागते. काही काळ इस्पितळात, काही काळ दवाखान्यात अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली. मोठ्या परीक्षा असतातच, पण रोजचे कामही तपासतात. रोग्याची संमती घेऊन त्याच्याशी झालेल्या बोलण्याचे चित्रण करतात. मग गुरू आणि शिकाऊ डॉक्टर शेजारी बसून ते पाहतात. रोग ओळखला का, एवढेच पाहत नाहीत. रोग्याला बोलू दिले का, त्याची भीती विचारली का, उपाय त्याला समजला का, हेही पाहतात. नर्सबाई, दवाखान्यातली इतर मंडळी आणि खुद्द रोगी यांचेही मत मागवतात.

एकदा भाची फोनवर रडली. औषध बरोबर दिले होते, तरी गुरूंनी चित्रण थांबवून म्हटले, "रोगी घाबरला होता, ते तुला दिसले नाही." मात्र तेवढ्यावर सोडले नाही. पुढे काय सुधारायचे ते लिहून दिले आणि काही दिवसांनी पुन्हा पाहिले.

त्यानंतर एकदा मी तिला माझी डोकेदुखी सांगितली. ४ महिने गोळ्या चालू होत्या. ती म्हणाली, "मामी, तुला मनातून काय वाटतं?" आणि माझे डोळे भरून आले. माझा भाऊ मेंदूतल्या गाठीने गेला. तीच धास्ती मी उराशी धरून होते. इथल्या डॉक्टरांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितले. त्यांनी लेखणी खाली ठेवली, नीट तपासले, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. चष्मा लागला आणि दुखणे थांबले.

भगिनींनो, डॉक्टर विचारोत न विचारोत, आपण मनातली भीती बोलावी. आणि शाळेच्या वेळी पोर पोट दुखते म्हणाले, तर ओवा देण्याआधी आपणही त्याला एक प्रश्न विचारावा.