पुस्तकवेड्या मुलाला काय द्यावं?

पाच-सहा वर्षांचं मूल पुस्तकवेडं आहे म्हटलं, की वाढदिवसाला आपण जाडजूड बोधकथा नेतो. आवड त्याची, हौस मात्र आपली! दुकानात मी एकच पाहते : चित्रावर बोट ठेवून मूल आपणहून काही सांगू लागेल का? माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये घरातलीच माणसं भेटतात; म्हणून मुलं ते पुन्हापुन्हा उघडतात. आठेक वर्षांच्या वाचकासाठी बालभारतीच्या, १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाची वर्गणी त्याच्याच नावानं भरावी. पोस्टमननं आपलं नाव पुकारावं, याचं मुलांना फार अप्रूप असतं. आणि दिलेलं पुस्तक हाताळून फाटलं तर रागावू नये. कपाटात कोरं राहिलं, तर मात्र आपली निवड तपासावी.