वांग आणि चेहऱ्याची दिनचर्या

चाळिशीच्या उंबरठ्यावरील एखादी गृहिणी एके दिवशी आरशासमोर कुंकू लावताना थबकते. दोन्ही गालांच्या उंचवट्यांवर, कपाळावर आणि ओठांच्या वरच्या बाजूस तपकिरी छाया पसरलेली तिला दिसते. ‘वांग आले, दुसरे काय!’ असे शेजारीण म्हणते. सासूबाई हळद-बेसनाचा लेप सुचवितात, मैत्रीण लिंबू चोळावयास सांगते आणि कोपऱ्यावरचा औषधविक्रेता मलमाची एक लहानशी नळी पुढे करतो. त्या मलमाने पंधरा दिवसांत चेहरा उजळतो आणि घरात आनंद होतो. परंतु काही महिन्यांनी तोच चेहरा लालबुंद होतो, उन्हात जाताच आग होऊ लागते, गालांवर व हनुवटीवर लव वाढते आणि नळी थांबविताच डाग पूर्वीपेक्षा गडद होऊन परततात. लग्नकार्यात ती स्त्री मागच्या रांगेत बसू लागते आणि छायाचित्राच्या वेळी पदर पुढे ओढून घेते.

ही कहाणी एका घरची नव्हे. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत ती नित्य ऐकू येते. यास्तव वांग म्हणजे काय आणि त्यावर नित्याची निगा कशी राखावी, हे प्रत्येक घरी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

वांग हा शब्द संस्कृत ‘व्यंग’ शब्दाचा वंशज होय. सुश्रुतसंहितेत या विकाराची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत केलेली आहे. रोग खरोखरच जिवावरचा नाही. त्यास गंभीर स्वरूप येते ते बहुधा चुकीच्या उपायांनी.

मनुष्याच्या त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करून आसपासच्या पेशींना पुरवितात. तेथे ते पेशीकेंद्रावर छत्रीप्रमाणे पसरते आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते. गोऱ्या व सावळ्या माणसांत या रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते; भेद असतो तो त्यांच्या कामाच्या प्रमाणात. सारांश, काळेपणा हा मळ नव्हे. ते त्वचेचे संरक्षण आहे. ऊन, गर्भारपण, संततिनियमनाच्या गोळ्या, आनुवंशिकता अशा कारणांनी रंगपेशी अधिक उत्तेजित झाल्या म्हणजे वांग उमटते. मुरूम, भाजणे किंवा चिघळलेला कीटकदंश बरा झाल्यावर मागे राहणारा डागही रंगद्रव्याच्याच अतिरेकाने पडतो.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुढचा विचार सोपा होतो. त्वचेस इजा झाली की ती अधिक काळवंडते. म्हणून डाग घासून काढू पाहणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. खरखरीत उटणे, खाण्याचा सोडा, दात घासण्याची पेस्ट या सर्वांनी त्वचा चुरचुरते आणि डाग वाढतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास तर त्वचा भाजून नवेच डाग पडू शकतात.

चेहऱ्याची दिनचर्या मोजक्याच गोष्टींची असावी. सकाळी सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुवावा व मऊ पंचाने, न रगडता, टिपून घ्यावा. त्वचा कोरडी असल्यास साधे, सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावावे. त्यानंतर सनस्क्रीन. या क्रमातील मुख्य औषध हेच होय; हे वगळून बाकी सर्व केले तरी ते व्यर्थ जाते. डबीवरील एसपीएफचा अंक निदान ३० असावा आणि अतिनील ‘अ’ किरणांपासून संरक्षणाचा उल्लेखही असावा, कारण हे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा चेहऱ्यास व मानेस लागतात. वाटाण्याएवढा ठिपका पुरत नाही. बाहेर काम असल्यास दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. दृश्य प्रकाशानेही सावळ्या त्वचेवरील वांग गडद होते. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयुक्त ठरते. ज्यांना हा खर्च झेपत नाही, त्यांनी छत्री, रुंद काठाची टोपी आणि घट्ट विणीचा पदर यांस कमी लेखू नये. शेतात राबणाऱ्या स्त्रिया डोक्यावरून पदर ओढून घेतात, त्यात मोठे शहाणपण आहे.

रात्री चेहरा धुऊन एकच उपचारद्रव्य लावावे. नायसिनामाइड किंवा अ‍ॅझेलाइक आम्ल ही त्यांतली सौम्य द्रव्ये होत. आरंभी दिवसाआड लावावे आणि तत्पूर्वी काही दिवस कानामागे लावून पाहावे. एकाच वेळी चार नव्या वस्तू सुरू केल्यास कोणती बाधली हे कळत नाही. गर्भवती स्त्रीने वैद्यकीय सल्ल्यावाचून काहीच लावू नये. रेटिनॉइड वर्गातील औषधे तर टाळावीतच.

आता त्या लहानशा नळीविषयी. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन व विलिस या त्वचातज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांचे मिश्रण प्रसिद्ध केले. अशी मिश्रणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांपुरती गुणकारी असतात. आपल्याकडे मात्र ती गोरे करणारी मलमे म्हणून महिनोन्‌महिने वापरली जाऊ लागली. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, तर हायड्रोक्विनोनच्या अतिरेकाने कायमची निळसर-काळी छटा येऊ शकते. २०१८ साली भारत सरकारने स्टेरॉइडयुक्त मलमांच्या चिठ्ठीवाचून होणाऱ्या विक्रीवर निर्बंध घातले. तथापि घरोघरची सवय केवळ कायद्याने सुटत नाही. जिने अशी नळी बराच काळ वापरली असेल, तिने ती लपवू नये. ती घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. नाव-पत्ता नसलेल्या मलमांत पाराही आढळतो आणि तो मूत्रपिंडास घातक आहे.

उजळण्यास अवधी लागतो. नव्या पेशी वर येण्यास सुमारे महिना लागतो. म्हणून दोन-तीन महिन्यांपूर्वी निर्णय करू नये. महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी छायाचित्र घ्यावे. रोज आरशात पाहून जे उमगत नाही, ते त्यात दिसते. एखादा डाग वेडावाकडा वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर विलंब न लावता तपासणी करावी. मानेवर मखमलीसारखी जाड, काळी त्वचा दिसल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. तो मधुमेहाचा पूर्वसंकेत असू शकतो.

वांग पुष्कळदा फिके पडते. कधी उन्हाळ्यात पुन्हा डोकावते. त्याने खचून जाण्याचे कारण नाही. ही निगा गोरे होण्यासाठी नाही. सावळी त्वचा निरोगी व नितळ राहावी, एवढाच तिचा हेतू आहे. हा भेद घरातील वडीलधाऱ्यांनी, विशेषतः वधूपरीक्षेस जाणाऱ्यांनी ओळखला, तर कोपऱ्यावरच्या त्या नळीकडे मुलींचा हात सहसा जाणार नाही.