पेरणीपूर्वी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचे अंतर जुळवा

पेरणी जवळ आली की आपण बियाणे आणतो, खत आणतो, पेरणी यंत्र दुरुस्त करतो. पण ट्रॅक्टरची मागची चाके किती अंतरावर आहेत, हे फारसे कोणी मोजत नाही. मागे एका खरिपात एका शेतकऱ्याने सोयाबीन 45 सेंटिमीटरवर पेरले. कोळपणीला ट्रॅक्टर घातला, तर प्रत्येक फेरीत दोन ओळी चाकाला लागून चेंगरल्या. चाकांतले अंतर होते 150 सेंटिमीटर, हवे होते 135. तेवढ्यावरून उभे पीक गेले.

हिशेब सोपा आहे. एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत टेप धरा. हे अंतर ओळींतल्या अंतराच्या पटीत यावे. 45 ची तिप्पट 135. कपाशी 90 वर असेल तर दुप्पट, म्हणजे 180. ऊस 150 च्या सरीवर असेल तर 150. आपल्या ट्रॅक्टरला कोणकोणती अंतरे मिळतात, ते त्याच्या पुस्तिकेत पाहा. पुढची चाकेही त्याच तासात चालतील अशी बसवा.

टायरची रुंदीही ध्यानात घ्या. 12.4 इंची टायर साडेएकतीस सेंटिमीटर रुंद असतो. 45 च्या ओळीत दोन्ही अंगांना जेमतेम पावणेसात सेंटिमीटर जागा उरते. पीक पसरले की तिथे ट्रॅक्टर नको, बैलांचे कोळपेच बरे.

आता काम कसे करावे? ट्रॅक्टर सपाट, कठीण जमिनीवर उभा करा. इंजिन बंद करून किल्ली काढा, हातब्रेक लावा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. मग जॅक लावून एकच बाजू उचला आणि आसाखाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली हात घालू नये. टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर त्याचेच वजन क्विंटलच्या वर जाते. म्हणून एकट्याने चाक काढू नका.

रिम किंवा तबकडीची बाजू बदलली की अंतर कमी-जास्त होते. तबकडी उलटी करायची असेल तर चाक जागच्या जागी उलटवू नका. डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे न्या, आतली बाजू बाहेर येऊ द्या. टायरवरचा बाण वरच्या अंगाला पुढेच रोखलेला हवा. बाण उलटा झाला तर चिखलात टायरची पकड कमी होते. दोन्ही चाके मध्यापासून सारख्याच अंतरावर हवीत. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. तासभर काम झाल्यावर पुन्हा आवळा, आणि पुढचे काही दिवस रोज पाहा.

हवा टायर थंड असताना मोजा. शेतकामाला मागच्या टायरात साधारण 12 पौंड पुरते. ट्रॉली ओढताना पुस्तिकेप्रमाणे वाढवा.

शेवटी एक सांगतो. चाके जवळ घेतली की ट्रॅक्टर बांधावर आणि उतारावर लवकर कलंडतो. कोळपणी संपली की चाके पुन्हा रुंद करा, मगच उताराच्या वाटेला जा. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येईल, माणूस येत नाही.