शरीर कुणाला आपलं म्हणतं?



‘आपलं’ आणि ‘परकं’ हे दोन शब्द आम्ही कवींनी वापरून वापरून गुळगुळीत करून टाकले आहेत. शरीराचं तसं नाही. ते या शब्दांच्या बाबतीत फार कडक असतं.

पुण्यापासूनच सुरुवात करू. इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभरानं पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा साचा कपाळावर ठेवून आखणी केली, तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांमधला देठ न तोडता ती खाली वळवली. वर काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ही हकीकत चित्रासह छापली. पुढे १८१४ मध्ये कार्प्यू या सर्जननं लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. कावसजीचं नाव राहिलं, कारागिराचं कुणी लिहून ठेवलं नाही.

ते नाक टिकलं, कारण कातडी कावसजीची स्वतःची होती. दुसऱ्याची असती तर थोड्याच दिवसांत गळून पडली असती. का, हे समजायला पुढे दीडशे वर्षं गेली.

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांमुळे पीटर मेदावर हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ या प्रश्नाकडे वळला. ग्लासगोमध्ये भाजलेल्या एका बाईला तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे लावले होते. ते गेले. काही दिवसांनी त्याच भावाचे आणखी तुकडे लावले, तर ते पहिल्यापेक्षा लवकर गेले. गिब्सन आणि मेदावर यांनी १९४३ मध्ये याचा अर्थ लावला: शरीर परक्याला नुसतं हाकलत नाही, त्याला ओळखून लक्षात ठेवतं. सख्ख्या भावालासुद्धा! १९५३ मध्ये मेदावर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जन्माआधीच उंदराला परक्या पेशींची ओळख करून दिली, तर मोठेपणी तो त्या उंदराची कातडी स्वीकारतो. १९६० चं नोबेल त्यांना बर्नेट यांच्यासह मिळालं.

त्याच १९५३ मध्ये मेदावर यांनी आणखी एक प्रश्न विचारला. मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. मूल अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकं. मग नऊ महिने आई त्याला कशी सांभाळते? उत्तर अजून पुरतं हाती आलेलं नाही. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या काही पेशी मात्र सापडल्या आहेत. त्यांच्या शोधासाठी २०२५ चं नोबेल दिलं गेलं.

हा प्रश्न पुण्यात एका खाटेवर येऊन पडला. मे २०१७ मध्ये गॅलक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकानं भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. लेकीला आईचं गर्भाशय. तिथंच प्रत्यारोपण झालेल्या गुजरातच्या एका महिलेनं १८ ऑक्टोबर २०१८ रोजी मुलीला जन्म दिला. तिला गर्भाशय दिलं होतं तिच्या आईनं. ज्या पिशवीत ती स्वतः वाढली, तिच्यातच तिची लेक वाढली. तरी शरीराला ती पिशवी परकीच. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेऊनच सगळं निभावायचं. मूत्रपिंड घेतलेल्याला या गोळ्या कायमच्या. गर्भाशयाची सोय अशी, की बाळंतपणं झाल्यावर ते काढता येतं आणि गोळ्याही थांबतात.

देणारी पुन्हा आईच. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त. मृत्यूनंतर देणारे वाढले, तर हा भार उतरेल.

आमच्या मोहल्ल्यात मला विचारतात, हे जायज आहे का? मी काही मौलवी नाही. जेद्दाच्या फिक्ह अकादमीनं १९८८ मध्ये मृताचे अवयव अटींसह द्यायला परवानगी दिली, विक्रीला नाही, एवढं सांगतो. मग एखादी खाला मागून म्हणते, “मियाँला बीवीचा गुर्दा चालतो. बीवीला लागला तर मियाँ कुठं असतात?”