मीठ-साखरेचं पाणी आणि पेशीचं दार

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. फोडीतल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचा पातळ पडदा असतो. बाहेर मीठ जास्त झालं की पेशीतलं पाणी त्यातून बाहेर येतं.

आपल्या आतड्यातल्या पेशींनाही असाच पडदा असतो. त्यात प्रथिनांची दारं असतात. एका दारातून मीठ आणि साखर जोडीनंच आत जातात, मागोमाग पाणी जातं. जुलाबातही हे दार चालू राहतं. म्हणूनच १९७१ साली बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजून अनेक जीव वाचवले.

आपण सगळ्याजणी एवढं पक्कं ध्यानात ठेवू या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच कालवायचं. तेच पाकीट पेलाभर पाण्यात घातलं, तर कैरीसारखंच होईल. अंगातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जाईल. बाळाला चमच्या-चमच्यानं पाजत राहू, अंगावरचं दूध चालू ठेवू. आणि बाळ सुस्त झालं, डोळे खोल गेले, तर वाट न बघता दवाखाना गाठू.