बोथट तोंडाची एषणी



 अध्यक्षाने पन्नास मिनिटांचं भाषण लिहून आणावं असा प्रघात आहे. मी निम्म्यात आवरेन, कारण माझ्यानंतर जेवण आहे आणि त्याचा वास इथपर्यंत यायला लागलाय.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत परदेशातून एक छोटं पुडकं आलं. ‘ब्रोमोडोमेन’ रोखणाऱ्या एका रेणूचे जेमतेम पाच मिलिग्रॅम त्यात होते. भांडार सांभाळणाऱ्या आमच्या काकांनी कागदावरचं नाव वाचलं आणि ते पुडकं मोठ्या जबाबदारीने ब्रोमीनच्या बाटलीशेजारी नेऊन ठेवलं. दोन दिवस आम्ही फ्रीझर उपसत होतो. काकांना हसायचा आम्हाला अधिकार नव्हता. माझ्या ओळखीच्या कित्येक रसायनशास्त्रज्ञांचाही समज तोच आहे. प्रत्यक्षात त्या रेणूत क्लोरीनचा एक अणू आहे, ब्रोमीनचा औषधालाही नाही.

हा ‘ब्रोमो’ आला तो ब्रह्मदेवाकडून. १९८८ साली अमेरिकेत जेम्स केनिसन आणि जॉन टॅमकुन फळमाशीची काही जनुकं शोधत होते. अळीच्या अंगाचा कुठला भाग पुढे पाय होणार, कुठला पंख, हे ज्यांच्या ताब्यात असतं त्यांच्यावर हुकमत चालवणारी ही जनुकं. नशीब ठरवणारी म्हणून त्यांना नावंही तशीच मिळाली. एक ‘किस्मत’, एक ग्रीकांची ‘मॉयरा’ आणि एक ‘ब्रह्मा’. १९९२ मध्ये ब्रह्मा जनुकाचा क्रम वाचला गेला, तेव्हा त्याच्या प्रथिनातला एक तुकडा यीस्टपासून माणसापर्यंत अनेक प्रथिनांत जवळजवळ तसाच सापडला. त्या तुकड्याला ब्रह्मावरून ब्रोमोडोमेन म्हणायला लागले. हे संशोधक आपल्याकडचे असते तर त्यांना पाचवीची पूजा आठवली असती, आणि आज आपण सगळे ‘सटवाई-डोमेन’वर बोलत बसलो असतो.

गंमत अशी की ब्रह्मदेव लिहितो, सटवाईही लिहिते. हा तुकडा मात्र लिहीत नाही. तो वाचतो.

आपल्या पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांची शेपटं बाहेर लोंबतात आणि त्यांतल्या लायसिनवर ॲसिटिलच्या बारीक खुणा होतात. खूण करणारी विकरं वेगळी, पुसणारी वेगळी, आणि ती वाचून ‘हे जनुक चालू ठेवा’ असा निरोप पुढे नेणारी प्रथिनं वेगळी. वाचणाऱ्यांकडचं भिंग म्हणजे ब्रोमोडोमेन. साधारण ११० अमिनो आम्लं, चार पिळांची एक मोळी आणि तिच्या टोकाला एक खळगा. ॲसिटिल लावलेलं लायसिन त्या खळग्यात बरोबर बसतं, हे मिंग-मिंग झोऊ यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं. माणसात असे ६१ खळगे आहेत, ४६ प्रथिनांत विखुरलेले.

लिहिणाऱ्यांचा हात धरायचा प्रयत्न आपल्या देशात आधीच झाला होता, आणि तोही आपल्या कोकण-गोव्यातल्या फळाच्या मदतीने. बंगळुरूला तापस कुंडू यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये दाखवलं की कोकमाच्या सालीतला गार्सिनॉल ॲसिटिल लावणाऱ्या विकरांना अडवतो. आपण ज्याला आमसूल म्हणून आमटीत टाकतो, ती ही साल. त्याच वर्षी त्याच गटाने हळदीतल्या कर्क्युमिनबद्दलही तसंच लिहिलं. कर्क्युमिनवर नंतर इतकं लिहिलं गेलं की २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांना एक लांबलचक लेख लिहून सांगावं लागलं की बाबांनो, हा रेणू स्वतःच चमकतो, पाण्यात टिकत नाही, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो आणि त्यामुळे चाचण्यांना फसवतो. हळदीवर माझा राग नाही. पण जो रेणू दहा ठिकाणी चिकटतो, त्याला अकरावा प्रश्न विचारून मिळणारं उत्तर मी ऐकत नाही.

आता वाचणाऱ्यांकडे वळू.

नट मिडलाइन कार्सिनोमा नावाचा एक दुर्मीळ आणि अतिशय आक्रमक कर्करोग आहे. त्यात १५ आणि १९ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीआरडी-४ हे वाचणारं प्रथिन नट नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जोडलं जातं. वाचकाच्या मानगुटीवर नट बसतो, असं म्हणा. (मराठीत ही कोटी आपोआप होते, माझा इलाज नाही.) बोस्टनच्या डेना-फार्बर संस्थेत जेम्स ब्रॅडनर यांनी विचार केला की रोगाचं मूळ जर वाचण्यातच असेल, तर भिंगच झाकून पाहावं. जपानच्या मित्सुबिशी तानाबे कंपनीच्या एका पेटंटात अशा खळग्यात बसू शकणाऱ्या सांगाड्याचा धागा मिळाला. जुन ची या रसायनशास्त्रज्ञाने रेणू घडवला आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलं जेक्यू-१. ऑक्सफर्डच्या स्ट्रक्चरल जिनॉमिक्स कन्सॉर्शियममध्ये स्टेफान क्नॅप यांच्या गटाने तो बीआरडी-४च्या खळग्यात बसलेला स्फटिकचित्रात दाखवला. हे सगळं २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात ग्लॅक्सोचा आय-बेट आला. तो शोध दाहावरचा होता आणि मुळात रक्तातलं एक प्रथिन वाढवणाऱ्या रेणूच्या शोधातून निघाला होता. एकाच खळग्याकडे दोन पायवाटा आल्या.

जेक्यू-१ दिल्यावर त्या कर्करोगाच्या पेशी मरण्याआधी चपट्या झाल्या, पसरल्या आणि त्वचेच्या पेशींसारख्या प्रौढ व्हायला लागल्या. वाढायचं सोडून त्यांनी संसार थाटला.

पुढे ब्रॅडनर यांनी जे केलं ते मला रेणूइतकंच महत्त्वाचं वाटतं. पेटंटाच्या मागे लपण्याऐवजी त्यांनी रेणूची रचना उघड केली आणि मागेल त्या प्रयोगशाळेला कुप्या पाठवल्या. २०११च्या एका जाहीर भाषणात त्यांनी ही गोष्ट सांगितली तोवर त्या डझनावारी ठिकाणी पोचल्या होत्या. त्याचं फळ वर्षभरात दिसलं. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात जेक्यू-१ने पेशींची वाढ हाकणाऱ्या मिक जनुकाचा आवाज खाली आणला. मिकचं प्रथिन असं गुळगुळीत की त्यात औषधाला बसायला खळगाच नाही. तीस वर्षं त्यापुढे सगळ्यांनी हात टेकले होते. इथे प्रथिनाला न शिवता त्याची ऑर्डरच रद्द झाली. कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये ख्रिस व्हाकॉक यांच्या गटाने वेगळ्याच वाटेने, जनुकं एकेक करून बंद करत, तीव्र मायलॉइड ल्युकेमियात बीआरडी-४वरच बोट ठेवलं. २०१२ मध्ये उंदरांच्या वृषणातल्या बीआरडीटी या भावंडाला अडवून शुक्राणू थांबवता आले आणि रेणू बंद करताच ते परतही आले. २०१३ मध्ये ‘सुपर-एन्हान्सर’ म्हणजे जनुकांच्या शेजारी वाचकांची दाटी झालेले पट्टे दिसू लागले आणि जेक्यू-१ने आधी तीच दाटी मोडते हे कळलं. काही ठिकाणी मिकची कथा चाललीच नाही. फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमात मिक उतरत नव्हतं, तरी पेशी मरत होत्या; तिथला धनी फॉसएल-१ नावाचं दुसरंच जनुक निघालं. हीही माहितीच, आणि तीही त्याच कुपीतून आली.

मात्र हा रेणू औषध झाला नाही. उंदराच्या अंगात त्याचं अर्धायुष्य सुमारे एका तासाचं. त्याच्या भावंडांच्या चाचण्या माणसांवर झाल्या, तेव्हा प्लेटलेट्स घसरू लागल्या, पोट बिघडू लागलं, थकवा आला. नवल नव्हतं, कारण बीआरडी-४ निरोगी पेशींनाही लागतं. शिवाय रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी वाचक झाकला तरी दुसऱ्या मार्गाने मिक पुन्हा चालू करायला शिकतात, हे २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवलं. एका वर्तमानपत्राच्या कार्यालयातून मला एकदा फोन आला होता, ‘सर, तो रेणू फेल गेला ना?’ मी विचारलं, ‘तुमच्या सुताराची करवत फेल जाते का?’ पलीकडून फोन ठेवला गेला. उत्तर उर्मट होतं, हे मान्य. पण मुद्दा सोडत नाही. जेक्यू-१ हे प्रश्न विचारायचं हत्यार आहे. त्याचं मोजमाप बरे झालेल्या रोग्यांत करणं म्हणजे सूक्ष्मदर्शकाने खिळा ठोकायला जाणं.

आता शब्दाकडे येतो. ‘केमिकल प्रोब’ला मराठीत काय म्हणावं यावर आपल्या परिभाषा समित्यांनी चहाचे बरेच कप रिकामे केले. शोधरेणू, अन्वेषक, चाचपक... मला तयार शब्द सुश्रुताकडे सापडला. त्याच्या वीस शस्त्रांत एक आहे एषणी. ‘इष्’ म्हणजे शोधणं. नाडीव्रणाची वाट आत कुठवर आणि कुठल्या दिशेला गेली आहे, हे या सळईने चाचपायचं. सुश्रुताने तिचं तोंड गांडुळाच्या तोंडासारखं सांगितलं आहे, म्हणजे बोथट. का, ते कुठल्याही शल्यविशारदाला विचारा. टोकदार सळई असलेली वाट शोधत नाही, नवी वाट पाडते. आणि वैद्य त्या स्वतः पाडलेल्या वाटेलाच रोगाची वाट समजून बसतो.

रेणूचंही हेच होतं. जेक्यू-१ बीआरडी-४ला पन्नास ते नव्वद नॅनोमोलरच्या आसपास धरतो. पेशींना पाचशे नॅनोमोलर दिलं तरी बहुतेक कामं होतात. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात दहा मायक्रोमोलर दिलं. पेशी धडाधड मेल्या, आम्ही पेढे वाटले. पेढे वाटायला सांगणारा मी होतो. सहा महिन्यांनी जुळा मागवला, तेव्हा तोंड गोड राहिलं नाही.

हा जुळा म्हणजे जेक्यू-१ची आरशातली प्रतिमा. अणू तेच, जोडण्या त्याच, फक्त डाव्या हाताचं उजव्या हातात. तो खळग्यात बसत नाही. दोन्ही समान मात्रेत द्यायचे. जेक्यू-१नेच परिणाम झाला तर तो खळगा झाकल्याचा, दोघांनीही झाला तर तो रसायनाचा. आमच्या दहा मायक्रोमोलरला दोघांनीही पेशी मारल्या. आणि तुम्हाला आणखी एक कडू गोष्ट सांगतो. हे रेणू आपण ज्या डीएमएसओमध्ये विरघळवतो, तो डीएमएसओ स्वतःच ब्रोमोडोमेनच्या खळग्यात जाऊन बसतो. धरून ठेवण्याची ताकद अगदीच कमी. पण हात सैल सोडून ओतला, तर तुमची नुसत्या द्रावकाची बशीही निरागस राहत नाही.

जुळ्याच्या जोडीला दुसरी एषणीही हवी, वेगळ्या सांगाड्याची आणि त्याच लक्ष्याची. आय-बेट आहे, पीएफआय-१ आहे. उलटी फसवणूकही होते. पीएलके-१ हे किनेज अडवणारा बीआय-२५३६ वर्षानुवर्षं वापरला गेला आणि २०१४ मध्ये कळलं की तो बीआरडी-४लाही चांगलाच धरतो. ज्यांनी एकाच रेणूवर विश्वास टाकला होता, त्यांना जुनी टिपणं पुन्हा उघडावी लागली असणार. २०१५ पासून रेणूला थॅलिडोमाइडसारखा आकडा जोडून बीआरडी-४ला थेट पेशीच्या कचराकुंडीत पाठवणारे डीबेट-१सारखे रेणू आले. खळगा झाकणं आणि आख्खं प्रथिन काढून टाकणं यांतला फरक त्यांच्यामुळे वेगळा काढता आला.

हे नियम गुप्त नाहीत. शंभर नॅनोमोलरच्या आत पकड, जवळच्या नातलगांपेक्षा तीसपट निवड, पेशीत एक मायक्रोमोलरच्या आत काम, अशा अटी कन्सॉर्शियमने केव्हाच घालून दिल्या आहेत, आणि कुठली एषणी किती मात्रेत वापरावी हे सांगणारं संकेतस्थळही २०१५ पासून फुकट उघडं आहे. तरीही २०२३ मध्ये पेशींवर काम करणारे ६६२ शोधनिबंध तपासले गेले. त्यांत आठ एषण्या वापरल्या होत्या. योग्य मात्रा, निष्क्रिय जोडीदार आणि दुसरी एषणी हे तिन्ही पाळणारे निबंध निघाले फक्त ४ टक्के.

पैसे नाहीत, हे कारण मी आयुष्यभर दिलं आहे, म्हणून त्याची किंमत मला माहीत आहे. जुळ्याची कुपी महाग नसते. आपण ती मागवत नाही, कारण तिच्यामुळे आलेख वाढत नाही, आणि कधी कधी असलेला आलेखही जातो. परीक्षक म्हणून माझ्याकडे निबंध येतो तेव्हा आता मी आधी निष्कर्ष वाचत नाही; सामग्री आणि पद्धतीचं पान काढतो आणि मात्रा शोधतो. ‘दहा मायक्रोमोलर’ दिसलं की पेन उचलतो.

दुपारच्या सत्रात भित्तिपत्रकांमध्ये ब्रोमोडोमेनवरची तीन कामं आहेत, कार्यक्रमपत्रिकेत पाहिली. मी फिरत फिरत तिथे येणार आहे. पहिला प्रश्न काय असेल ते आताच फोडतो, म्हणजे कुणी जेवताना घास गिळायचं थांबणार नाही: ‘जुळा कुठे आहे?’ ज्यांच्याकडे नसेल त्यांनी मला बाजूला घेऊन सांगा. आमच्या फ्रीझरमध्ये उणे वीसवर त्याची एक कुपी अजून आहे, काकांच्या अक्षरातल्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर लिहिलंय, ‘ब्रोमीन नाही’.