मिक्सरवरचा हात

आपल्याकडे डीजेवरचा वाद 'बंदी हवी की नको' या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. परण्या निघाला, जयंतीची मिरवणूक आली, विसर्जन आले की तो वर येतो आणि दिवस सरले की विसरला जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची खोकी सगळ्यांना दिसतात, छातीत आदळणारा बेस सगळ्यांना जाणवतो. त्या खोक्यांना हुकूम देणारा, जेमतेम दीड वीत रुंदीचा मिक्सर मात्र चर्चेत येतच नाही. माझे म्हणणे असे की व्यावसायिक डीजे मिक्सर हे आवाज वाढवण्याचे नव्हे, आवाज तोलण्याचे आणि आवरण्याचे यंत्र आहे. हे मान्य केले तर जबाबदारी कुठे टाकायची, हेही स्पष्ट होते.

हे यंत्र जन्मले कशासाठी ते आधी पाहू. 1971 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हेवन या क्लबासाठी अलेक्स रोझनर यांनी एक मिक्सर बनवला. 'रोझी' या नावाने तो ओळखला जातो. एक तबकडी लोकांना ऐकू येत असताना दुसरी फक्त वाजवणाऱ्याला हेडफोनमध्ये ऐकू यावी, तिची लय जुळवता यावी आणि मग ती अलगद पहिलीत मिसळता यावी, ही त्यामागची गरज होती. आज जगभरच्या क्लबांत दिसणारा पायोनिअरचा 2016 सालचा डीजेएम-900 एनएक्सएस-2 घ्या. त्यात चार चॅनेल आहेत, आतले गणित 64 बिटांचे आहे, इफेक्टची रेलचेल आहे. पण वाजवणारा सर्वांत जास्त विसंबतो तो आजही हेडफोनच्या त्या 'क्यू' बटणावरच. लोकांपर्यंत काय जाऊ द्यायचे हे आधी स्वतः ऐकून ठरवायचे, ही या कलेची पहिली पायरी आहे. त्याच पॅनेलवर उंच, मधल्या आणि खालच्या स्वरांसाठी वेगवेगळी बटणे असतात. ती मुख्यतः कमी करण्यासाठी वापरायची असतात. दोन गाण्यांचा बेस एकावर एक चढला की नुसता गदारोळ होतो, म्हणून जाणकार डीजे नवे गाणे आणताना एकाचा बेस उतरवतो आणि मगच दुसऱ्याचा चढवतो. माईकवर कुणी बोलू लागले की संगीत आपोआप खाली आणणारी 'टॉकओव्हर'ची सोयही व्यावसायिक मिक्सरांत असते.

आता लाल दिव्याकडे वळू. प्रत्येक चॅनेलला सुरुवातीची पातळी ठरवणारे ट्रिमचे बटण असते आणि शेजारी हिरव्या, पिवळ्या, लाल दिव्यांची पट्टी. अनेक ठिकाणी पट्टी सतत लाल असणे हीच मर्दुमकी समजली जाते, आणि हा समज तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. डिजिटल सिग्नलला एक कठोर छत असते. सिग्नल बाहेर पडताना त्या छताला धडकला की लहरींचे शेंडे सपाट कापले जातात. त्यातून मूळ गाण्यात नसलेले कर्कश उंच स्वर निर्माण होतात. ते उंच स्वर वाजवणाऱ्या हॉर्नमध्ये जातात आणि त्याची कॉईल जळू शकते. आवाज मात्र फारसा वाढत नाही. अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तरी फरक पडतो तो 3 डेसिबलचा, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला सुमारे दहापट ताकद लागते. लाल दिव्यात वाजवणारा गाणे बिघडवतो, मालकाचे सामान धोक्यात घालतो आणि लोकांना डोकेदुखी देतो. धरण पाहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको: त्याच्या दरवाजांचे मोल ते किती उघडतात यात नसते, किती नेमके उघडता येतात यात असते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की कायदा आहे, मर्यादा ठरलेल्या आहेत, मग मिक्सरच्या बारकाव्यात कशाला शिरायचे? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि राज्य सरकारला वर्षातून फार तर 15 दिवस ती वेळ मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. हे नियम आवश्यकच आहेत. पण त्यांतले डेसिबल 'ए' मापाचे आहेत, आणि हे माप खालच्या स्वरांना फार कमी वजन देते. 63 हर्ट्झच्या स्वरातून ते सुमारे 26 डेसिबल वजा करते, 50 हर्ट्झच्या स्वरातून सुमारे 30. म्हणजे ज्या बेसने पत्रे थरथरतात, खिडक्या वाजतात आणि पाळण्यातले लेकरू दचकते, तोच पोलिसांच्या हातातल्या मीटरवर सर्वांत कमी मोजला जातो. शिवाय खालचे स्वर भिंतींनी सहज अडत नाहीत. मीटरच्या तावडीतून निसटणारा हा भाग आवरायचा तर तो मिक्सरवरच्या 'लो' या बटणाशी आणि पुढे उंच-खालचे स्वर वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणाऱ्या क्रॉसओव्हरशीच आवरावा लागेल. म्हणून तांत्रिक बारकाव्यात शिरणे ही चैन नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढी कटकट कशाला, सरसकट बंदी घाला. 2018 च्या गणेशोत्सवात साऊंड व्यावसायिकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा विसर्जनात डीजे वाजवण्याची मोकळीक तिला मिळाली नाही. ज्यांच्या घरात हृदयरोगी आहे, त्यांचा बंदीचा आग्रह मला समजतो आणि तो मी हलका लेखत नाही. तरीही सरसकट बंदीने जबाबदार आणि बेजबाबदार यांतला फरक पुसला जातो. कर्ज काढून सामान घेतलेल्या तरुणाला नीट वाजवणे शिकण्याचे कारणच उरत नाही; सापडलो नाही म्हणजे झाले, एवढेच तो शिकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी मानक दिले. त्यात 15 मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबलची कमाल मर्यादा आहे, आणि त्याबरोबरच आवाजाची सतत मोजणी व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या अटीही आहेत. हे मानक श्रोत्याच्या कानासाठी आहे, शेजाऱ्याच्या झोपेसाठी आपलाच कायदा लागतो. पण प्रशिक्षणाची अट आपण उचलण्यासारखी आहे.

'लोकांनाच मोठा आवाज हवा असतो' असे डीजेवाले म्हणतात. यात तथ्य आहे, पण अर्धेच. सतत मोठ्या आवाजात कान काही काळ बधिर होतो, मग तीच पातळी कमी वाटते आणि हात आपोआप फेडर वर सरकवतो. कानावर विसंबणारा डीजे अशाने रात्रभर चढतच जातो. मीटरची पट्टी मात्र थकत नाही. म्हणूनच यंत्रात दिव्यांची पट्टी आहे, आणि वाजवणाऱ्याच्या स्वतःच्या स्पीकरसाठी 'बूथ'चे वेगळे बटणही आहे. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होत 100 डेसिबलला ती जेमतेम 15 मिनिटे उरते. ट्रॉलीवर उभा राहणारा विशीतला मुलगा लग्नसराईत रोज किती वेळ तिथे असतो, याचा हिशोब त्याच्या घरच्यांनी करावा.

आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारा लिमिटर लावला तरी तो काढता येतो, हेही खरे. म्हणून व्यवहार सुपारीपासूनच बदलावा लागेल. येत्या लग्नसराईत सुपारी देताना किती खोकी आणि किती वॉट एवढेच विचारू नका. मास्टरची कमाल पातळी कुठे बांधणार, बेस कुठे उतरवणार, दवाखाना आणि शाळेसमोर काय करणार, हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या. डीजे व्यावसायिकांनी तालुक्याच्या ठिकाणी एकत्र येऊन नव्या मुलांना मिक्सर नीट शिकवावा, आणि पैसे देणाऱ्यांनी तो शिकलेल्या मुलालाच काम द्यावे.